लाल दोरा, पांढरा दोरा

थुंकायचं असतं, हे मला स्पष्ट सांगितलं होतं. पण शेजाऱ्याने घरी आणलेली वस्तू त्याच्याच समोर, तीही बायकोच्या पितळी घंगाळात थुंकायची म्हणजे माझे संस्कार आडवे आले. मी गिळत राहिलो. पुढे जे झालं त्याचा दोष त्या संस्कारांचा.

शेजारी म्हणजे आमच्या नजरबादच्या गल्लीतले कानडी काका. जन्मभर कॉफीच्या कारखान्यात चव घ्यायचं काम केलेलं. चमच्यातून फुर्र करून ओढायची, तोंडात फिरवायची, थुंकायची, निकाल द्यायचा. निवृत्त झाले तरी काम अंगातून गेलं नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. साधा चहा दिला तरी काकांचा पेला पहिल्यांदा नाकाखाली जायचा. "स्वल्प थांबा. आधी नाक, मग जीभ." रस्त्याने जाताना कुणाकडे कॉफीची बी जास्त भाजली गेली ते ओळखायचे आणि दार वाजवून तसं सांगायचेही. त्यामुळे गल्लीत त्यांना मान होता, आणि ते येताना दिसले की दारं जरा लवकर लागत.

मग त्यांना मोठा ताप आला. बरे झाले. त्यानंतर एका सकाळी मी पेपर मागायला गेलो तर घरभर करपलेल्या दुधाचा वास, आणि काका स्वयंपाकघरातच, गॅसकडे पाठ करून शब्दकोडं सोडवत बसलेले. मी गॅस बंद केला. त्यांनी काळ्या पातेल्याकडे पाहिलं.

"वास येत होता?"

"फाटकापासून."

"मला नाही येत, राव. तापापासून नाही. कुणाला बोलू नका."

मी बोललो नाही. बायकोलाही नाही. आणि काका रोज आमच्याकडच्या कॉफीचा पेला नाकाखाली धरतच राहिले.

त्यांची मुलगी बंगळूरला बिअर बनवते. त्यातली स्टाउट म्हणजे भाजलेल्या जवाची काळी, दाट, चांगलीच कडक बिअर. भाजणं आलं म्हणजे वडिलांचा, तिच्या अप्पांचा प्रांत, म्हणून ती प्रत्येक वेळी बाटली पाठवून त्यांना विचारायची. दोन वर्षं त्यांनी कसंबसं निभावलं. मग एका रविवारी दोन बाटल्या आल्या, एकीला लाल दोरा, एकीला पांढरा. दोन्ही तिच्याच. त्यातली एकच विकायला जाणार होती, तिची स्वतःची म्हणावी अशी पहिली. पाच वाजता ती फोन करणार होती.

काका तीनला बाटल्या, चिनी मातीच्या दोन वाट्या आणि चमचे घेऊन आमच्याकडे आले. "तुमचं नाक पाहिजे."

"सांगून टाका ना तिला."

"सांगितलं तर विचारणं बंद करेल."

बायकोने परवानगी दिली, पण देवघरापासून लांब, मागच्या पडवीत. "आणि ते घंगाळ नंतर तुम्ही घासायचं."

लाल दोऱ्याची वाटी मी नाकाशी धरली.

"काय येतंय?"

"काळं येतंय."

"काळा रंग असतो. नीट बघा."

"गूळ. पाक जरा पुढे गेलेला."

"हौदु, बरोबर. आता पांढरी."

"कॉफी. आणि आमच्या ऑफिसातल्या फायली."

"किती जुन्या?" काकांनी वहीतून मान वर न करता विचारलं.

लाल, पांढरी, मध्ये चुरमुरे आणि पाणी, पुन्हा लाल. ते थुंकत होते, मी नव्हतो. चौथ्या फेरीला मला पांढऱ्या वाटीत पणजोबांचे फौजेतले बूट सापडले. तेही त्यांनी लिहून घेतलं.

पाचला फोन आला. काकांनी तो मध्ये ठेवून वही उघडली. "लालला पाकातल्या गुळाचा वास आहे. पांढरीला कॉफी, आणि..."

"फायली," मी अभिमानाने म्हणालो. "ते नाक माझं आहे. अप्पांचं तापापासून चालत नाही."

बायको गाळणी हातात घेऊन दारात आलेली. काकांनी वही मिटली.

"म्हणून दोन वर्षं सगळं छानच होतं, अप्पा?"

"हौदु."

पलीकडे कुणीतरी नाक ओढल्यासारखं वाटलं. मग ती म्हणाली, "नाक राहू दे. जिभेला काय लागलं ते सांगा."

काकांनी पांढऱ्या वाटीतला एक चमचा भरला आणि असा ओढला की बायको दचकली. थुंकले. लालचा घेतला, थुंकले. "पांढरीचा कडूपणा जिभेच्या मुळाशी बसून राहतो. जव अर्धं मिनिट जास्त भाजलेत. लालचा येतो आणि जातो. लाल ठेव."

"पाऊण मिनिट," ती म्हणाली. "भाजताना मी फोनवर बोलत होते. इथे एकालाही कळलं नाही." मग, "शनिवारी या. भट्टीजवळ उभे राहा. वास मी घेईन."

चमचे पुसताना काका मला म्हणाले, "तुम्ही एकदाही थुंकला नाहीत."

"नाही."

"वाटलंच."

ते त्या शनिवारी गेले, मग दर शनिवारी, आणि वर्षभरात तिकडेच राहायला गेले. त्यांच्या घरात आता नवे भाडेकरू आहेत. चांगली माणसं आहेत, दार वाजवत नाहीत.

पण मला आठवते ती तीच संध्याकाळ. मी घंगाळ घासत होतो, दोन्ही हातांनी, कारण ते जागेवर राहत नव्हतं. बायको शेजारी उभी राहिली.

"म्हणजे काका माझी कॉफी रोज फक्कड म्हणत होते, ते उगाच."

मी घासत राहिलो.

"उद्यापासून त्यांच्या पेल्यात कॉफीचं कडू डिकॉक्शन जास्त घालते," ती म्हणाली. "जिभेला तरी लागू दे."