गंगेकाठची धर्मशाळा आणि आबा

नाशिकला निघालो त्या सकाळी आबा, माझे वडील, मला फाट्यापर्यंत सोडायला आले होते. माझी बॅग त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली होती आणि मागितली तरी देत नव्हते. नाशिकला बांधकामावर नोकरी लागली, एवढंच मी तोवर त्यांना सांगितलं होतं. लांबून एसटी दिसली तेव्हा त्यांनी विचारलं, "तितं बी बिल्डिंगाच हायत का?"

खोटं बोलवेना. म्हणालो, "न्हाई आबा. जुन्या इमारती हायत, दगडाच्या. त्या दुरुस्त करायच्या."

आबांनी बॅग खांद्यावरून उतरवली आणि खाली फुफाट्यात ठेवली. रागावले नाहीत. बॅग एकाएकी जड झाल्यासारखी त्यांनी ती ठेवली. गाडी थांबली, मी चढलो, खिडकीशी बसलो. ते खिडकीखाली येऊन म्हणाले, "दगडाखाली झोपू नगस, बालाजी." आणि गाडी हलायच्या आतच वळून चालायला लागले.

तुम्ही सगळे आमच्याच गावचे. तुमच्यातले काही अजून तिथंच आहात, बरेचजण पुण्याला गेलात, दोघं-तिघं तर दुबईला आहात. आबा असं का म्हणाले हे तुम्हाला सांगावं लागणार नाही. पण माझी मुलं नाशिकची, त्यांना हे माहीत नाही. त्यांच्यासाठीही लिहून ठेवतो.

मी सात वर्षांचा होतो तेव्हा आमच्याकडे भूकंप झाला. गणपती बुडवून लोक घरी येऊन झोपले होते. आबा त्या रात्री रानात राखणीला होते. घरात माय, तीन वर्षांची बहीण शीतल आणि मी. माळवदाचं, वरच्या मातीच्या छपराचं, एक लाकूड तिरकं पडलं आणि त्याच्याखाली जी पोकळी राहिली तीत मी सापडलो. आबांनी मला हातांनी उकरून काढलं. माय आणि शीतल भिंतीच्या बाजूला झोपल्या होत्या.

मग पत्र्याच्या शेडमधली दोन वर्षं आणि त्यानंतर नवं गाव, सरळ गल्ल्यांचं, सगळी घरं एकसारखी. पहिल्या वर्षी लोक चुकून दुसऱ्याच्या घरात शिरायचे. आम्हाला सिमेंटच्या दोन खोल्या मिळाल्या. आबांनी त्यात धान्य ठेवलं, माझं अंथरूण घातलं आणि स्वतः मरेपर्यंत अंगणातल्या पत्र्याखाली झोपले.

शेडमध्ये असताना एक तरुण इंजिनिअर यायचा. आम्हा पोरांना गोळा करून तो काठीने मातीत भिंत काढून दाखवायचा. आपल्याकडची भिंत बाहेरून एक दिसते, पण खरं तर त्या दोन भिंती असतात, बाहेरची आणि आतली. मध्ये नुसता माती आणि दगडांचा चुरा. दोन्हींना धरून ठेवणारा लांब आडवा दगड आपण टाकतच नाही. हादरा बसला की दोन्ही अंगं दोन दिशांना फाकतात आणि वरचं माळवद खाली येतं. "दगड वाईट नसतो रे," तो म्हणायचा, "बांधणं चुकतं."

सात वर्षांच्या पोराला हे वाक्य किती धरून ठेवता येतं ते मला माहीत आहे. माय कशाने गेली याचं एक उत्तर मला मिळालं होतं. दुसऱ्या कुणी मला उत्तर दिलंच नव्हतं. त्या एका वाक्यापायी मी पुढे लातूरला सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि त्याच वाक्यापायी नाशिकची नोकरी धरली.

नोकरी मानसी मॅडमकडे होती. जुन्या, पडायला आलेल्या इमारती मूळ पद्धतीने दुरुस्त करायचं काम त्या करत. नाशिक रोडला मी खोली घेतली, सिमेंटची. तिथून रोज पंचवटीत. सुरुवातीला शहराची भाषाच कळेना. लोक म्हणायचे "गंगेवर ये", आणि मी विचारात पडायचो. गोदावरीला इथं गंगा म्हणतात हे कळायला आठवडा गेला. माझं 'करायलो, जायलो' ऐकून पोरं हसायची. हळूहळू मी 'करतोय, जातोय' म्हणायला लागलो. आता गावी फोन केला की तुम्ही हसता.

पहिल्या काही वर्षांत छोटी कामं झाली. एका मंदिराची ओवरी, एक बंद पडलेलं वाचनालय. मग ती धर्मशाळा आली. गंगेपासून शंभर पावलांवर, खाली काळा दगड, वर लाकडी मजला. पंचवीस-तीस वर्षं तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. मागच्या भिंतीत पिंपळ घुसला होता, वरच्या मजल्यावर कबुतरं, ओसरीवर कुणीतरी जुन्या टायरांचं दुकान मांडलेलं. ट्रस्टच्या म्हाताऱ्या मंडळींना ती पाडायची नव्हती. दूरच्या गावांहून पेशंट घेऊन नाशिकच्या दवाखान्यांत येणाऱ्या माणसांना राहायला तिथं जागा करायची होती.

पिंपळाने फोडलेली भिंत आम्ही थर थर करून उतरवली. दत्तू मिस्त्री होते बरोबर, दिंडोरीकडचे. चुन्यात दगड बांधणारी त्यांच्यासारखी माणसं आता फार उरली नाहीत. तिसऱ्या थरात त्यांची पहार एका दगडावर अडली. त्यांनी माती झाडली. चांगला दोन-सव्वादोन फूट लांब दगड, भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार.

"हा हाय म्हणून पिंपळानं नाय पाडली अजून," मिस्त्री म्हणाले.

दर दोन हातांवर तसा एक दगड निघाला. मी तिथंच खाली बसलो. मिस्त्रींना वाटलं ऊन लागलं. त्या संध्याकाळी मी आबांना फोन केला. म्हणालो, "आबा, हितल्या भिंतीत आडवे दगड हायत! पार आरपार! आपल्याकडं हेच टाकलं नव्हतं. टाकलं असतं तर भिंत फुटली नसती."

पलीकडून आबा म्हणाले, "जेवलास का?"

मला राग आला. वाटलं, यांना ऐकायचंच नाही. मग मी दर फोनला सांगायला लागलो. कुठली भिंत कशी बांधली, चुना कसा मुरवला, दगड कसा बसवला. त्यांच्या मनातली दगडाची भीती काढायची असं मी ठरवलंच होतं. शिकलेला मुलगा अडाणी बापाला समजावतो तसा मी समजावत होतो. ते 'हं, हं' करायचे आणि जेवणाचं विचारायचे. आणि मी त्यांना 'एकदा या, डोळ्यांनी बघा' म्हणत राहिलो. दीड वर्ष.

ते आले. ज्वारी काढून झाली आणि एका दुपारी नाशिकच्या स्टँडवर पांढऱ्या टोपीत उभे दिसले, हातात कापडी पिशवी, पिशवीत नवी ज्वारी आणि सुनेसाठी लुगडं. तोवर माझं लग्न झालं होतं. बायको सुनीता नाशिकचीच, नोटांच्या प्रेसच्या कॉलनीत वाढलेली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आबांनी वर येऊन चहा घेतला, नातवाला मांडीवर घेतलं आणि झोपायची वेळ आली तशी पिशवी उचलून खाली पार्किंगमध्ये गेले. वॉचमनने स्वतःची बाज त्यांना दिली. सुनीताला वाईट वाटलं. मी म्हणालो, "उद्या त्यांना कामावर नेतो, मग बघ."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना धर्मशाळेत नेलं. ते चौकात थांबले, आत आलेच नाहीत. मागची भिंत तेव्हा कमरेइतकी वर आली होती. दत्तू मिस्त्रींनी रामराम केला. आबांनी वर बघत विचारलं, "किती माणसं झोपणार हितं?"

"पन्नासेक," मी म्हणालो.

"लेकरं बी?"

"व्हय."

मग ते भिंतीपाशी गेले आणि मिस्त्रींना म्हणाले, "त्यो दगड दावा. पोरगा सारखा सांगतोय त्यो."

मिस्त्रींनी दाखवला. नुकताच बसवला होता, त्याच्या कडांचा चुना ओला होता. आबांनी एक हात भिंतीच्या या बाजूला ठेवला, वाकून दुसरा त्या बाजूला. दगडाची दोन्ही टोकं त्यांच्या तळव्यांत होती.

"आपल्या भिंतीत असा एक बी नव्हता व्हय रे?"

मी उत्साहात होतो. किती वर्षांनी त्यांनी विचारलं होतं! म्हणालो, "एक बी नव्हता आबा. तीच तर चूक झाली. ज्यानं बांधली त्याला ठावंच नव्हतं."

आबांनी हात काढले. चुना धोतराला पुसला.

"ती भिंत म्याच बांधली हुती," ते म्हणाले. "तू पोटात हुतास तवा. तुझी माय म्हणाली, थोरली खोली पायजे. नदीचे दगड गाडीत भरून आणले. ती मातीचा गारा कालवून द्यायची, म्या रचायचो. चार महिने."

मिस्त्रींनी थापी खाली ठेवली. इतकी वर्षं मी जे उत्तर छातीशी धरलं होतं ते कुणाचं नाव घेऊन उभं होतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. गावातली घरं गावातल्याच माणसांनी बांधलेली असतात, हे न कळण्याइतका मी लहान राहिलो नव्हतो. तरी नाही विचारलं.

शेवटी म्हणालो, "आबा, तवा कुणालाच ठावं नव्हतं."

"माझ्या बापानं तशीच बांधली. त्याची न्हाई पडली," आबा म्हणाले. "त्याच्या वक्ताला जमीन हलली न्हाई, एवढंच."

मला वाटलं ते दुसऱ्याच दिवशी परत जातील. पण ते आणखी तीन दिवस आले. मिस्त्रींच्या शेजारी पोत्यावर बसायचे. दोघं तंबाखू मळायचे, पावसापाण्याचं बोलायचे. आत मात्र गेले नाहीत. शेवटच्या दिवशी कोपऱ्याचा थर चालला होता. आबा उठले, एका जागेवर बोट ठेवून म्हणाले, "हितं बी एक टाका की."

हिशोबाने तिथं लागत नव्हता. मी बोलणार एवढ्यात मिस्त्री म्हणाले, "टाकू ना बाबा. चांगलाच हे." आणि ढिगातला एक लांब दगड त्यांनी निवडून आणला. आबांनी त्याला एका बाजूने हात लावला.

मग ते गेले. स्टँडवर मी माफी मागायचं ठरवलं होतं. तिकीट, पाण्याची बाटली, खिडकीची जागा यातच वेळ गेला. बस निघाल्यावर वाटलं, पुढच्या वेळी बोलू.

नंतर मी फोनवर कामाचं बोलणं सोडलं. तर आबाच विचारायला लागले, "भिंत कुठवर आली?" मी म्हणायचो, "झाली, आबा. आता वरचं लाकूडकाम." आणि विषय बदलायचो, कारण पुढे काय बोलावं मला कळत नव्हतं. आता वाटतं, ते माझ्यासाठी दार उघडत होते.

पुढच्या थंडीत ते अंगणातल्या पत्र्याखाली झोपेतच गेले. भानुदासकाकांचा, माझ्या चुलत्यांचा फोन सकाळी आला. नाशिकहून गाव दूर. मी पोचलो तेव्हा लोक वाट पाहून दमले होते. आबांच्या उशाशी कपड्यांचं गाठोडं होतं, दुसरं काही नव्हतं.

धर्मशाळा आता सुरू आहे. परवा विंचूरकडचं एक कुटुंब उतरलं होतं, मुलीला दवाखान्यात दाखवायला आणलेलं. ओसरीवर त्यांची चूल नाही, आता गॅस आहे, पण भाकरीचा वास तोच. लोक इमारतीचे फोटो काढतात, मॅडमचं कौतुक होतं, कधी माझंही. मला विचारतात, या क्षेत्रात कसे आलात. मी म्हणतो, आवड होती. आबांना मी त्या आडव्या दगडांचं कधी सांगायलाच नको होतं का, की त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं आणि मलाच कळायला हवं होतं, याचा उलगडा मला झालेला नाही. होईल असं वाटतही नाही.

यंदा भूकंपाच्या दिवसाला मी गावी आलो होतो, दरवर्षी येतो तसा. जुन्या गावठाणात आपण सगळे जमतो, बाभळींतून वाट काढत आपापल्या ढिगाऱ्यापाशी उभे राहतो. तिथून परतताना भानुदासकाकांच्या शेतात गेलो. ते गुरांच्या गोठ्याला भिंत घालत होते, एकटेच, या वयात. जुन्या गावातले दगड, मातीचा गारा. बाहेर एक अंग, आत एक अंग, मध्ये चुरा.

मी आधीचा असतो तर तिथं उभा राहून भाषण दिलं असतं. शर्ट काढून बाभळीला अडकवला आणि त्यांच्यासमोर, भिंतीच्या दुसऱ्या बाजूला बसलो. ढिगातून लांब दगड शोधले आणि थरात आडवे टाकत गेलो.

"ह्यो आडवा कशाला?" काकांनी विचारलं.

"असू द्या काका. नाशिकला असंच टाकतेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुढचा दगड उचलून दिला. ऊन उतरेपर्यंत आम्ही काम केलं. हातपाय धुऊन पिठलं-भाकरी खायला बसलो. माझं जुनं घर त्या ढिगाऱ्यात, नवं घर कुलूपबंद, आबांचं अंगण गवताने भरलेलं. काकांनी ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली आणि सहज विचारलं, "मग, घरी कधी जायलास?"

गावातल्या कुणी नाशिकला माझं घर म्हणण्याची ती पहिलीच वेळ. काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

"उद्या," मी म्हणालो. "सकाळच्या गाडीनं."