तिन्हीसांजेचा डबा

नानासो कोळेकरला ताजातवाना असा मी कधी पाहिलाच नाही. सकाळी गेटातून आत यायचा तेव्हाच दिवसभर राबून आल्यासारखा दिसायचा. खांदे पडलेले, डोळ्यांखाली काळं. कुणी म्हणायचं, मिलिटरीत सिग्नलला होता, तिथल्या रात्रपाळ्यांनी असा झाला. मी म्हणतो, मिलिटरीनं नाही, आमच्या कोल्ड स्टोरेजनं त्याला असा केला. आणि तोही काही कमी हट्टी नव्हता.

आमचं कोल्ड स्टोरेज सांगलीहून तासगावकडं जाणाऱ्या रस्त्याला आहे. माल म्हणजे बेदाणा. मी आवक-जावकच्या खिडकीवर बसतो, नानासो आतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत. बाहेरच्या माणसाला वाटतं, बेदाणा आणून ठेवायचा आणि लागेल तेव्हा न्यायचा, यात कॉम्प्युटर कशाला? अहो, बॉक्स सगळे सारखेच दिसतात. शेतकऱ्याच्या हातातल्या पावतीवर आला तेवढा माल असतो. त्यातला किती गेला, किती आत असतानाच व्यापाऱ्याला विकला, उरलेला कुठल्या चेंबरमध्ये कुठल्या रांगेत आहे, हे सगळं मशीनमध्ये. मशीन गेलं तर आत डोंगराएवढा बेदाणा आहे, पण कुणाचा ते सांगता येणार नाही, अशी गत.

मालक तात्यासाहेब. जैन माणूस, पंच्याहत्तरी उलटलेली. सूर्य मावळायच्या आत जेवण, आवारातच बंगला, आणि जिभेवर खोटं कधी यायचं नाही. समोरचाही खोटं बोलत नाही असं धरूनच ते चालायचे. आम्हा नोकरांना याचा कधी फायदा घ्यावासा वाटला नाही, याचंच मला नवल वाटतं.

एकदा विमा कंपनीनं कळवलं की तुमच्या माहितीच्या बॅकअपचं धोरण लेखी द्या. दुसरा कुणी असता तर इंटरनेटवरून दोन पानं उतरवून सही घेतली असती. नानासो पंधरा दिवस ते धोरण मराठीत लिहीत बसला. म्हणाला, "ज्यानी पाळायचं त्याला वाचता तर आलं पायजे." रोज दिवस संपताना सगळ्या माहितीची प्रत डिस्कवर काढायची. ती त्याच संध्याकाळी आवाराबाहेर न्यायची. एक तरी ताजी प्रत कायम बाहेर असली पाहिजे. आणि आलेली प्रत उघडून तपासायची, कारण आत काय आहे हे न बघता ठेवलेल्या प्रतीचा काय भरवसा. तात्यांचा नातू अरिहंत कराडला इंजिनीयरिंग शिकलेला. तो म्हणाला, सगळं ऑनलाइन चढवू या. पण रस्ता रुंद करणाऱ्यांनी तेव्हा केबल इतक्यांदा तोडली होती की त्या गप्पा तिथंच राहिल्या.

तात्यांनी धोरण चष्मा लावून ओळ न् ओळ वाचलं. मी पावत्या घेऊन शेजारी उभा होतो.

"नानासो, बाकी समदं बरोबर हाय," ते म्हणाले. "पर दिवेलागणीला पेढीतनं लक्ष्मी भाईर न्यायची म्हंतोस?"

"आवं तात्या, लक्ष्मी कुठं, नुसती डिस्क हाय."

"तुझी डिस्क आसंल. माझ्या लेखी ह्यो समदा धंदा हाय त्यात. तिन्हीसांजेला आमी मीठ देत न्हाई कुणाला, विरजण देत न्हाई, आनि ह्ये देऊ?"

नानासोनं समजावलं, विनवलं. दिवस संपल्याशिवाय दिवसाची प्रत निघत नाही आणि दिवस संपतो तिन्हीसांजेलाच, याला तो तरी काय करणार? सीझनात गाड्या दिवे लागेपर्यंत येत असतात.

मार्ग काढला तो पद्मावतीकाकूंनी, तात्यांच्या मंडळींनी. त्या म्हणाल्या, "शेजारणीला विरजण द्यायचीच वेळ आली तर आमी आधी तिच्याकडनं कायतरी घरात घेतो, मग देतो. तसं करा की. ठेवायला स्टीलचा डबा मी देते."

तात्यांना ते एकदम पटलं. "कालची सकाळी घरात आली पायजे. ती आली, की मग आजची संध्याकाळी जाऊ दे."

"मंग दिवसभर समदं एकाच छपराखाली ऱ्हातंय, तात्या. एक तरी भाईर पायजे."

"दिवसा काय हुतंय? दिवसा समदी मानसं हितंच असत्यात." मग त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर गेलं आणि त्यांना हसू आलं. "आनि ह्ये काय? आलेली प्रत उघडून तपासावी? आपल्या मानसानं आनलेला डबा उघडून बघायचा? मग मानूस कशाला ठेवलाय?" असं म्हणून त्यांनी ते कलम पेनानं खोडलं, बाहेर न्यायच्या कलमात आपली अट घातली आणि सही केली. मी पण हसलो. नानासो हसला नाही. कागद घेऊन खोलीत गेला आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून तो नेम सुरू झाला. डिस्क दोन. एक दिवसभर मशीनला लावलेली, दुसरी, म्हणजे कालची, काकूंनी दिलेल्या स्टीलच्या डब्यात. सकाळी आला की नानासो डबा पेढीतल्या पार्श्वनाथांच्या तसबिरीपुढं ठेवायचा. काकू झाकणावर हळदीकुंकवाचं बोट लावायच्या. तात्या हात जोडायचे आणि समाधानानं म्हणायचे, "आली." संध्याकाळी नानासो डबा खोलीत न्यायचा, भरलेली डिस्क त्यात घालायचा आणि पिशवीत टाकून घरी जायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण त्या डब्यानं नानासोला बांधून टाकलं. त्याचं गाव जतकडं. मेव्हणीच्या लग्नाला गेला तर अक्षता पडल्या पडल्या एस.टी. गाठून परत. जत्रेला मुक्काम नाही, आजारी पडला तरी रजा नाही, कारण डबा दुसऱ्या कुणी न्यावा हे त्यालाही पटेना आणि तात्यांनाही. त्याच्या बायकोनं, रंगूबाईनं, एकदा माझ्यापुढं त्याला चांगलाच फैलावर घेतला. कुपवाडच्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत ज्वारीच्या डब्यात तो डिस्क ठेवायचा. ती म्हणाली, "भावजी, ह्येच्यापरास सवत बरी. ती कवातरी म्हायेरी तरी जाती." मी हसून लोळलो. नानासो भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. तो दमलेलाच होता, आणि कशानं ते सांगत नव्हता.

एकदा चहा पिताना मी विचारलं, "कशाला एवढा जीव जाळतोस, गड्या? आजवर काय झालंय का?"

त्यानं कप खाली ठेवला. "आमच्या बाची मेंढरं हुती," तो म्हणाला. "चुलता म्हनायचा, अर्धी माझ्याकडं दे, एका जागी ठेवू नगंस. बा म्हनला, माझ्या नजरंसमोर ऱ्हाऊ देत. वळवात समदी एका झाडाखाली उभी हुती. वीज पडली. मी ल्हान हुतो. बा त्येच्यानंतर बोललाच न्हाई फारसा. तवापास्नं समदं एका ठिकानी ठेवलं की मला झोप लागत न्हाई, जोतिबा."

"आणि आता? दिवसभर तर सगळं एकाच ठिकाणी असतं."

थंड झालेला चहा एका घोटात संपवून तो उठला.

आग लागली ती भर दुपारी, ऐन सीझनात. जिन्याखालच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांतून आधी धूर आला आणि मग एकदम भडकाच. माणसं सगळी बाहेर पडली, कुणाला काही झालं नाही. चेंबर वेगळ्या इमारतीत, तेही वाचले. पण ऑफिस, पेढी, कॉम्प्युटरची खोली, सगळं बंब येईतो गेलं.

बातमी फोनवरून पसरली आणि तासाभरात आवार शेतकऱ्यांनी भरलं. कडेगावच्या विजयमालाताई पावती हातात धरून तात्यांपुढं उभ्या राहिल्या. नवरा गेल्यापासून बाई एकटी बाग करते, वर्षाचा सगळा माल आमच्याकडं. "तात्या, माझा माल कुठल्या खोलीत हाय त्ये तरी सांगा. थोडा इकलाय, थोडा नेलाय, बाकीचा माझाच हाय न्हवं?" मागचे सगळे तेच विचारत होते. ज्यांनी माल विकला होता आणि ज्यांनी घेतला होता, ते एकमेकांकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागले होते. तात्या खुर्चीत बसून होते. इतक्या वर्षांत त्या माणसाला कुणी दोनदा प्रश्न विचारला नव्हता.

एकदम ते उभे राहिले. "डबा! डबा बघा रं! स्टीलचा हाय त्यो!"

हमालांनी राखेतून डबा शोधून काढला. काळा ठिक्कर पडलेला, झाकण अडकलेलं. ओल्या पोत्यात धरून आणला आणि तात्यांपुढं ठेवला. एकानं पहार लावून झाकण उचकटलं. सगळे वाकून बघत होते. डबा रिकामा होता. वितळलेलं काही नाही, राखही नाही. आत स्टील तेवढं चकाकत होतं.

"जळून गेली?" तात्यांनी लहान पोरासारखं विचारलं.

नानासो पुढं आला. हो म्हणाला असता तर खपून गेलं असतं. दुसऱ्या दिवशी डिस्क आणून काहीही सांगता आलं असतं, आम्हाला काय कळणार होतं?

"न्हाई तात्या," तो म्हणाला. "ती घरी हाय. कालची प्रत घरी हाय, ज्वारीच्या डब्यात. समद्यांचा माल सापडंल."

आवारात एकच गलका उठला. विजयमालाताई मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. कुणी नानासोची पाठ थोपटली, कुणी त्याला उचलायला धावलं. तात्या मात्र डब्यातच बघत होते.

"आजच इसरून ऱ्हायली व्हय?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आर्जव होतं. हो म्हण, असं ते त्याला सांगत होते, हे माझ्यासारख्यालाही कळलं.

"न्हाई तात्या. रोजच."

"कवापास्नं?"

"पैल्या दिवसापास्नं."

नंतर त्यानं मला सांगितलं. कालची डिस्क घरीच राहायची. दुसरी पँटच्या खिशातून आणून तो सरळ मशीनला लावायचा, आणि डिस्क दोनच, म्हणून डबा रिकामाच तसबिरीपुढं ठेवायचा. म्हणाला, प्रत सांभाळायचा त्रास नव्हता रं, त्या डब्याचा हुता.

तात्यांनी डबा उचलला. अजून गरम असावा, पण त्यांनी सोडला नाही. "आनि मी रोज हात जोडत हुतो," एवढंच ते म्हणाले, आणि बंगल्याकडं चालू लागले. काकू दारात उभ्या होत्या. ते त्यांच्या शेजारून तसेच आत गेले.

नवं मशीन आलं, प्रत चढवली, आणि प्रत्येकाचा बॉक्स न् बॉक्स जागेवर सापडला. त्या दिवशीच्या तेवढ्या नोंदी गेल्या होत्या, त्या मी गेटवरच्या चिठ्ठ्यांवरून पुन्हा भरल्या. विजयमालाताई नानासोसाठी घरचा बेदाणा घेऊन आल्या. अरिहंतनं शाल-श्रीफळ देऊन सत्काराची तयारी केली, तर हा पठ्ठ्या त्या दिवशी दाढ दुखतेय म्हणून आलाच नाही.

धोरण पुन्हा टाइप झालं. एक प्रत कायम बाहेर राहील, वेळ कुठलीही असो. तात्यांनी चष्मा न लावता सही केली. तिन्हीसांजेचा विषयसुद्धा काढला नाही. नानासोला कामावरून काढलं नाही, उलट पगार वाढवला. आवाज चढवून एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

डबा आता नवा आहे. कालची डिस्क घरी असते, आणि सकाळी नानासो दुसरी त्यात घालून आणतो, खरोखरची. नव्या पेढीत तसबिरीपुढं ठेवतो. काकू झाकणाला बोट लावतात. मग तात्या पुढं येतात, झाकण उघडतात, आत बघतात, झाकण लावतात आणि हात जोडतात. "आली" असं काही म्हणत नाहीत. तेवढा वेळ नानासो मान खाली घालून उभा असतो.

एक दिवस माझं डोकं फिरलं. ज्यानं अख्खी पेढी वाचवली त्याचा डबा रोज सगळ्यांसमोर उघडून बघायचा, ही काय रीत झाली? मी नानासोला म्हणालो, "मी बोलतो तात्यांशी. हे बरोबर नाही."

"नगं," तो म्हणाला. चेहरा तसाच, दमलेला. "त्येंनी खोडल्यालं कलम हाय त्ये, जोतिबा. मीच लिवलं हुतं."