कोठीतल्या दवाखान्यातली सर्दी

सर्दीवर माणूस बोलून बोलून किती बोलणार, असं मला वाटायचं. पण हैदराबादेच्या कोठी भागातल्या एका मुलांच्या दवाखान्यात काही महिने बसले आणि आता कुणी नुसतं शिंकलं तरी मला काहीतरी आठवतं.

शरयू माझी शाळेपासूनची मैत्रीण, मुलांची डॉक्टर. मुलाची सर्दी कितपत आहे हे आईवडिलांना विचारून ठरवायची एक इंग्रजी प्रश्नावली तिला इथल्या मराठी घरांसाठी हवी होती. भाषांतर मी करायचं आणि मग पालकांसमोर बसून बघायचं, की आपण विचारतोय तेच त्यांना कळतंय का.

*

पहिल्या खर्ड्यात मी ऐटीत ‘नासास्राव’ लिहिलं होतं. कुकटपल्लीहून आलेले एक बाबा, मूळचे पुण्याचे, आयटीतले, ते वाचून गंभीर झाले. हे सर्दीतच होतं की सर्दी बिघडली की होतं, असं त्यांनी हळूच विचारलं. मी समजावायला तोंड उघडणार, तोच मांडीवरच्या मुलीने बाहीला नाक पुसलं आणि म्हणाली, “बाबा, शेंबूड.”

आम्ही ‘नाक वाहणे’ लिहिलं. मुलीचा शब्द छापायचा शरयूला धीर झाला नाही.

*

‘पडसं’ माझ्या आईचा शब्द, म्हणून मी तो हौसेने घातला होता. ‘मुलाला पडसं आहे का?’ एका तरुण आईने अक्षरं जुळवत वाचलं, जरा विचार केला आणि म्हणाली, “काल पडला होता, पण लागलं नाही.”

शब्द खोडताना थोडं वाईट वाटलं. मुलाला मात्र खरंच लागलं नव्हतं, ते बरं झालं.

*

एक आजी आल्या होत्या, अफझलगंजकडच्या. त्यांचं मराठी आमच्या हैदराबादेचं, अर्धं दख्खनी उर्दू. सर्दीचा मुलाला किती त्रास झाला, असं मी विचारलं. नातू त्यांच्या पदराशी खेळत होता.

“त्याला कायका त्रास? शाळा नक्को, अभ्यास नक्को, आईच्या कुशीत लोळतोय. त्रास आम्हाला.”

याला प्रश्नावलीत जागाच नव्हती. शरयू म्हणाली, असायला हवी होती.

*

अर्थ कुठे निसटला का हे कळावं म्हणून मराठी मसुदा मूळ न बघता परत इंग्रजीत करायचं काम कुलकर्णी सरांकडे होतं. सर निवृत्त, एकटे राहायचे, नातवंडं परदेशात. सगळं वेळेवर आलं, फक्त एक प्रश्न कोरा: ‘मुलाला जास्त वेळ जवळ घ्यावं लागलं का?’

मी फोन केला. त्यांनी बरेच शब्द लिहून खोडले होते. कुठल्याही इंग्रजी शब्दात नुसतं धरल्यासारखंच वाटतंय, म्हणाले. आणि पुढे, “मूळ इंग्रजीत काय आहे मला ठाऊक नाही. पण हे तुमचं मराठीच राहू द्या.”

*

आणि मनवा. सहा वर्षांची, बोलत नाही. तिची आई वकील. शरयूने आधीच तिला सांगितलं, की यातले बरेच प्रश्न मूल काय बोलतं त्यावर आहेत, तेव्हा मनवाला यातून वगळू या. आई म्हणाली, तिला नेहमीच वगळतात. तुम्ही विचारा.

मनवा आईला चिकटून बसली होती. मी एकेक प्रश्न वाचत गेले. ‘घसा दुखतो असं मुलाने सांगितलं का?’ इथे मी अडखळले आणि हा सोडू या, असं पुटपुटले.

“सांगते की,” आई म्हणाली. घसा दुखला की मनवा आईचा हात धरते आणि आपल्या गळ्यावर नेऊन ठेवते.

मी शरयूकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली. मी ‘हो’वर खूण केली. पुढचा प्रश्न होता, थोडा दुखतो की जास्त. तो विचारणं मला जड गेलं, पण विचारला.

“थोडा असला तर हात लगेच सोडते. जास्त असला तर सोडत नाही.”

शेवटी मी सहीसाठी कागद पुढे सरकवला. आईने डाव्या हातात पेन घेतलं आणि सावकाश, वाकडीतिकडी सही केली. उजवा हात मनवाने आपल्या गळ्याशी धरून ठेवला होता.