बावीस कुलपांचा माणूस

गाद्यांच्या त्या कारखान्यात बावीस कुलपं होती आणि बावीसच्या बावीस किल्ल्या एकाच माणसाच्या कमरेला. शिलाईवरच्या मुली त्याला किल्लीमामा म्हणत. त्याची सख्खी भाची त्यांच्यातच काम करायची, आणि तिचा मामा तो सगळ्यांचा मामा. तिला तिथे चिकटवलं होतं त्यानेच. "माझ्या डोळ्यांसमोर राहील," असं तो धाकट्या बहिणीला म्हणाला होता.

कुलूप लावताना तो कधी कुलपाकडे बघत नसे. हात आपलं काम करत, डोकं भलतीकडेच. मुली चेष्टा करायच्या, "मामा, एक दिवस स्वतःलाच आत कोंडून घ्याल!"

"बरंच होईल. तुमची टकळी तरी ऐकू येणार नाही."

मागचं दार फक्त जेवणाच्या सुट्टीत उघडायचं. सुट्टी संपली की पुन्हा कुलूप, असा मालकाचा हुकूम. माल बाहेर जातो म्हणून. पण उकाडा असला की भाची हळूच मागे लागायची, "मामा, आज राहू दे ना उघडं." कधी तो राहू देई, कधी खेकसे.

ज्या दुपारी सुट्टीनंतर फोमने पेट घेतला, त्या दुपारी तो पुढच्या फाटकावर ट्रकमधला माल उतरवून घेत होता. मागे जायची वाट धुराने केव्हाच खाल्ली होती. तिघी मागच्या दारापाशी सापडल्या. त्यांतली एक भाची.

दाराचा कोळसा झाला होता. राखेत कुलूप मिळालं, दाबून बंद केलेलं. पण त्यावरून काही ठरत नव्हतं. दार उघडं असतानाही तो कुलूप कोयंड्यात अडकवून दाबून ठेवायचा, हरवू नये म्हणून. वाचलेल्यांपैकी एक म्हणाली दाराला कुलूप होतं, दुसरी म्हणाली दार फुगून अडकलं होतं. मालक म्हणाला, मी कधी कुलूप लावायला सांगितलंच नाही. चौकशीच्या कागदावर शेवटी उतरलं, 'निश्चित सांगता येत नाही.'

त्यालाही सांगता येत नव्हतं. ट्रकमधले गठ्ठे आठवत होते, डब्यातली भाजी आठवत होती. दार आठवत नव्हतं. शेकडो दुपारी एकमेकींवर रचून ठेवल्यासारख्या झाल्या होत्या आणि त्यांतली ती एक काही केल्या सुटी होत नव्हती.

बहीण अकरा महिने त्याच्याशी बोलली नाही. मग एका सकाळी आली, उंबऱ्यातच उभी राहिली.

"दादा, ते संमोहन असतं ना? टीव्हीवर दाखवतात. डोळ्यांपुढे लोलक हलवतात, माणूस झोपतो आणि पोटातलं सगळं ओकतो. खोटं बोलताच येत नाही म्हणे. तसं करून घे. लावलं होतंस की नव्हतंस, एवढंच मला कळू दे. लावलं असलंस तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही. नसलंस तर..."

आणि ती उंबऱ्यावरूनच परतली.

मोठ्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, मनाच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्या खोलीत त्याने आधी लोलक शोधला. भिंतीवर घड्याळ होतं, बस्स.

"ते तुमची वेळ संपली हे मला कळायला आहे," बाई म्हणाल्या. "आणि झोपवणार वगैरे नाही हं मी. जागेच असाल. माझा आवाज ऐकू येईल, नको वाटलं तर उठून जाता येईल. खोटं बोलायचं असेल तर तेही जमेल."

"मग खरं कसं बाहेर निघणार?"

"निघत नाही, मामा. आठवण म्हणजे काही कपाटात कुलूपबंद ठेवलेला कागद नाही. दर वेळी आपण ती नव्याने लिहितो. संमोहनात माणूस हवं ते लिहून बसतो, आणि वर त्याला ते छापील वाटतं. त्या कामासाठी मी हे करणार नाही."

त्याने हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला की तो आता एका शाळेत शिपाई आहे, आणि कुलूप लावून दहा-दहा वेळा मागे फिरतो, ओढून बघतो. पोरं नकला करतात.

"त्यासाठी करू," बाई म्हणाल्या. "घाबरू नका. तुमच्यावर कुणाचा ताबा नसतो. आत्ता इथे आग लागली तरी तुम्ही उठून माझ्याआधी बाहेर..."

त्या थांबल्या.

"दार उघडं असलं तर," तो म्हणाला.

तिसऱ्या खेपेला, डोळे मिटून, हात जड होऊ देत तो पडला होता, तेव्हा ते आपोआप आलं. कुणी विचारलं नव्हतं. मागचं दार, हिरवंगार, सताड उघडं. बोटांना तेलरंगाचा वास. भाची हसून म्हणतेय, "राहू दे ना," आणि तो किल्ल्या कमरेला खोचून निघून जातोय.

बाईंनी त्याला नीट बसवलं, पाणी दिलं, दोनदा बजावलं, "हा पुरावा नाही. धरून बसू नका." त्याने मान हलवली. बाहेर बाकावर बहीण बसली होती.

"उघडं होतं," तो म्हणाला.

तिने पदर तोंडात कोंबला. मग त्याचा हात धरून त्याला घरी नेलं, वाढलं, समोर बसून राहिली. तीन दिवस तो रोज गेला. तीन दिवस शाळेची कुलपं त्याने एकेकदाच लावली.

चौथ्या दिवशी शाळेच्या फाटकाला रंग लागत होता. हिरवा. वास नाकात शिरला आणि तो जागच्या जागी थिजला. कारखान्याचं जुनं दार बिनरंगाच्या फळ्यांचं होतं. हिरवं दार आगीनंतर बसवलेलं, लोखंडी. चौकशीला बोलावलं होतं तेव्हा त्याने ते पाहिलं होतं, ओल्या रंगाला बोटही लावून पाहिलं होतं.

सुटी झाल्यावर तो बहिणीकडे गेला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

तिने हातातली घडी पूर्ण केली.

"एवढं तरी ठेवायचं होतंस, दादा."

"खोटं होतं गं ते."

"खरं की खोटं, मी कुठे विचारलं होतं?" ती म्हणाली. पुढचा कपडा उचलून म्हणाली, "मग लावलं होतंस?"

"माहीत नाही."

"आता कधी कळणारच नाही?"

ती उठली. त्याला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तो बाहेर पडल्यावर मागे दार लोटल्याचा आवाज आला. कडी लावल्याचा आला नाही. की लावली, आणि त्यालाच ऐकू आली नाही? तो जिन्यात उभा राहून बराच वेळ ऐकत होता. परत वर जाऊन दार ढकलून बघायचा धीर त्याला झाला नाही.