दुसरा नमुना घेईपर्यंत

मॅडम गेल्याचं कळलं तेव्हा मी कोपरीत भाजी घेत होते. वॉर्डातल्या सिस्टरांचा फोन आला आणि मी मेथीची जुडी हातात धरून तशीच उभी... भाजीवाली दोनदा म्हणाली, ताई, घेताय ना? दीड महिना झाला, पण लिहायला बसले की अजून तिथेच अडकते.

देवधर मॅडम आमच्या ठाण्याच्या हॉस्पिटलात एक्स-रे, सीटी स्कॅनच्या डॉक्टर. मी दिव्याहून येणारी, कंत्राटावरची, रक्त काढणारी. स्कॅनच्या किरणांनी पेशंटच्या शरीरावर किती ताण येतो, हे त्या तपासत होत्या. स्कॅनआधी एकदा रक्त, मग तासाभराने पुन्हा. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हा शब्द काही माझ्या पचनी पडेना. तर म्हणाल्या, कापलेलं सफरचंद काळं पडतं ना, साधारण तसं आत होतं. बहुतेकदा शरीर ते सावरतं, किती वेळात सावरतं ते आपल्याला बघायचंय. स्कॅनची भीती घालायची नाही हं कुणाला, गरज असेल तर काढायलाच हवा, हेही बजावायच्या.

आणि मी काय केलं? स्कॅनला औषध टोचलं की काहींना मळमळतं. त्या तासाभरात असं कुणी म्हणालं की मी पर्समधली आवळासुपारी द्यायचे. आईने डोंबिवलीहून पाठवलेली, घरची. दोन महिने मोठ्या प्रेमाने वाटली. एक दिवस एका आजींनी मॅडमनाच विचारलं, ती पोरगी देते ती सुपारी कुठे मिळते? मॅडमचा चेहराच उतरला. आवळा नेमका तोच ताण कमी करतो म्हणतात, म्हणजे दुसऱ्या रक्ताचा काही भरवसाच उरला नव्हता. दोन महिन्यांचं काम पाण्यात गेलं, तेही माझ्या हातांनी.

माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. घरात कमावणारी मी एकटी. "कोणाकोणाला दिलीस, आठवतंय?" एवढंच त्यांनी विचारलं. मला धड आठवत नव्हतं. त्यांना राग आलेला, दिसत होता. मग त्यांनी सगळे नमुने बाद केले आणि वरच्या समितीपुढे मला शेजारी बसवून सांगितलं, "पेशंटला काय द्यायचं नाही, हे मी हिला सांगितलंच नव्हतं. चूक माझी आहे." सांगितलं नव्हतं हे खरं, पण असं कबूल कोण करतं हो? माझं कंत्राट वाढलं, घर चाललं. काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. त्यातून काय निघालं विचारलं की मॅडम म्हणायच्या, थोड्या लोकांवरून मोठं बोलू नये. त्यांचे आभार मानायचे मात्र माझ्याकडून राहूनच गेले.

परवा हॉस्पिटलातल्या आमच्या रक्त काढायच्या खोलीला रंग द्यायला माणसं आली. मॅडमनी त्या गोंधळानंतर स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलेला कागद अजून भिंतीवर आहे. 'दुसरा नमुना घेईपर्यंत पेशंटला खायला काही देऊ नये. आवळासुपारीही नाही. मळमळलं तर शेजारी बसावं.' तेवढी भिंत सोडा, मी रंगवाल्यांना म्हटलं. तेवढ्यात बाकावरच्या एका काकांना मळमळायला लागलं, तशी स्टूल ओढून त्यांच्याजवळ जाऊन बसले.