आक्काचं शिकामो

आईला फोन लावता येत नाही. म्हणून त्या सकाळी मोबाईलवर आक्काचं नाव दिसलं आणि पलीकडून आईचा आवाज आला, तेव्हाच मी चपला शोधायला लागलो. शेजारणीनं नंबर लावून दिला होता. आई म्हणाली, "सुमी उठंना झालीया रं. तू ये." एवढंच. बेळगावातून निघालो, काकती गेली, संकेश्वर गेलं, मला काही दिसत नव्हतं... निपाणीला पोचलो तेव्हा माझी थोरली बहीण शांत झोपल्यासारखी पडली होती. या गोष्टीला आता दीड महिना होईल.

सुमनआक्का सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. लग्न केलं नाही, आणि त्याची कारणं विचारणाऱ्याला तिनं कधी चहाही विचारला नाही. आमचे वडील तंबाखूच्या वखारीत हमाल, आई तिथंच पानं निवडायला. पाडव्याला मालकांच्या घरी जाऊन पाया पडायची रीत होती. आई-वडील वाकायचे आणि मालक पाय लांब सोडून पेपर वाचत बसायचे, मानसुद्धा वर करायचे नाहीत. एका वर्षी आईनं आम्हा दोघांना पुढं ढकललं. मी वाकलो. आक्का हात जोडून ताठ उभी राहिली. "पाया पड गं," आई दबक्या आवाजात म्हणाली. "नमस्कार केला की," आक्का म्हणाली. घरी आल्यावर तिला मार बसला, पण त्या दिवसापासून ती कुठल्याही जित्या माणसाच्या पाया पडली नाही आणि स्वतःच्या पायांना कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या लग्नात नवी नवरी वाकायला लागली तशी ही दोन पावलं मागं. "जयभीम म्हण गं बाई, बास झालं."

अशी ही बाई निवृत्त झाली आणि दोन वर्षांसाठी स्वयंसेवक म्हणून टांझानियाला निघाली. दक्षिणेकडच्या एका डोंगराळ खेड्यातला छोटा दवाखाना. मी म्हणालो, "तुला शेजारच्या सदलग्याचं पाणी बाधतंय, आफ्रिकेत काय करणार?" तर म्हणते, "तितल्या लेकरांना बी तापच येतोय की रं." भाषेची तिला धास्ती नव्हती. मराठी आणि कन्नड दोन्ही एका तोंडात नांदतात, तर तिसरीला जागा कितीशी लागणार, असा तिचा हिशेब. ती तिसरी मात्र भलतीच खट्याळ निघाली. तिथं दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. दवाखान्याच्या दारावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराला ही आपली आदरानं काका म्हणायची आणि तो एकदम तरुण झाल्यासारखा खूश व्हायचा. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उगाली त्याचं नाव, तो तिला पहिले काही दिवस घशाखाली उतरेना. मग नेलेला खर्डा तिनं बाहेर काढला. तिथल्या बायकांनी बोटभर चाखला, पाण्याची घागर रिकामी केली आणि तिचं नाव पिलीपिली ठेवलं. म्हणजे मिरची. नाव अगदी बरोबर होतं.

पण एक गोष्ट तिला फार जड गेली. तिथली लहान माणसं मोठ्यांना 'शिकामो' म्हणतात आणि मोठ्यांनी 'मराहाबा' असा जबाब द्यायचा असतो. आक्का हे पाठ करून गेली होती, रोज बिनचूक म्हणत होती. एके दिवशी तिनं तिथल्या नीमा नावाच्या तरुण परिचारिकेला सहज अर्थ विचारला. नीमा म्हणाली, "तुमचे पाय धरते, असं काहीतरी जुनं आहे." झालं. त्या क्षणापासून आक्काचं तोंड मिटलं. कुणी शिकामो म्हटलं की ही नुसती हसायची. तिथं जबाब न देणं म्हणजे समोरच्याला झिडकारणं. लेकरांचं वजन करायला येणाऱ्या बाया हळूहळू तिच्या टेबलाकडं वळेनाशा झाल्या. तिनं मला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज बारीक झालेला ऐकला. "माघारी येऊ काय रं? जे तितं सोडून आले, तेच हितं म्होरं हुबं हाय."

मी काय सांगणार? ये म्हणालो. पण ती आली नाही. चार दिवसांनी पुन्हा फोन, आणि या वेळी आवाज खणखणीत. जिल्ह्याचे मोठे डॉक्टर तपासणीला आले होते. गाडीतून उतरले, तर रांगेत एक अनवाणी म्हातारी खाली बसून शेंगा सोलत होती. डॉक्टर तिच्यापुढं थांबून म्हणाले, "शिकामो." "आणि म्हातारी काय म्हणाली सांगू? मराहाबा म्हणाली आणि शेंगा सोलत ऱ्हायली. मान बी वर केली न्हाय रं! हितं वयाला पाय हैत, जातीला न्हाईत." दुसऱ्या दिवशी आक्का स्वतः त्या म्हातारीच्या दारात गेली आणि शिकामो म्हणाली. त्यानंतर तिचं टेबल कधी रिकामं राहिलं नाही. दोन वर्षांची तिनं तीन केली.

माघारी आल्यावर गावात हा शब्द तिनं कुणासाठीही उच्चारला नाही. "हितं कोण कुणाच्या पाया पडतंय, ते मला म्हाईत हाय," म्हणायची. फक्त घरात, रोज सकाळी, आईपुढं उभी राहून ती म्हणायची, "शिकामो, आई." पहिल्या दिवशी अर्थ कळल्यावर आईनं घाबरून पाय लुगड्यात ओढून घेतले होते. "माझं पाय? माझं कशाला गं?" आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायांशी वाकलेली बाई ती, तिला हे झेपेना. मराहाबा म्हणतानासुद्धा तिची मान आपोआप खाली जायची. आक्का कडक शिस्तीची. "मान वाकवायची न्हाय आई. परत म्हण." कितीतरी सकाळी हा वर्ग चालला. मी सुट्टीला गेलो की हसायचो. माझ्या बहिणीनं जगात पुष्कळ माणसं बरी केली असतील, पण हे तिचं सगळ्यांत मोठं काम, असं मला आज वाटतं.

आक्काचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होतो. बाहेरच्या खोलीत आई कॉटवर मेथी निवडत बसली होती. घरात कुणी काही बोललं नव्हतं, आणि ती म्हणाली, "मराहाबा."

मी गॅस बंद करून बाहेर आलो. आईपुढं उभा राहून "शिकामो, आई," म्हणालो.

"आदी तू म्हणायचं असतंय," आई म्हणाली. "मग मी."

मी डोळे पुसले आणि पुन्हा म्हणालो. आईनं एक काडी मोडली, पानं सुपात टाकली आणि मान वर न करता म्हणाली, "मराहाबा."