हिरडा, हॅम्बुर्ग आणि चिचगडकडचा डांबरी रस्ता

"ताई, कंटेनर हॅम्बुर्गला अडकलाय."

खोब्रागडेचा फोन आला तेव्हा मी गोंदियातल्या आमच्या कारखान्यात, लॅबच्या दारात उभी होते. खोब्रागडे मूळचा दवनीवाड्याचा. आधी माझ्या हाताखाली केमिस्ट होता. पुढे कंपनीने त्याला जर्मनीला पाठवलं.

"कशात अडकला?"

"पीएएच. मर्यादेच्या वर आहे."

"किती वर?"

"वर म्हणजे वर, ताई. आता कस्टमरचा फोन येईल. त्याला काय सांगू?"

"तपास चालू आहे म्हणून सांग."

"चालू आहे का?"

"आता झाला."

मी क्वालिटीचं काम बघते. माल बिघडला की तो का बिघडला हे शोधायचं, आणि तो पुन्हा बिघडणार नाही असं लिहून द्यायचं. पहिलं काम बहुतेक वेळा जमतं.

आमची कंपनी हिरड्याची पूड करते. ती पोट साफ होण्याच्या औषधात जाते. युरोपात ही पूड विकायची तर तिथला कायदा विचारतो, काही झालं तर आम्ही कोणाला धरायचं? म्हणून कंपनीने जर्मनीत सबसिडियरी काढली. सबसिडियरी म्हणजे मालक आपलेच, पण त्या देशात, तिथल्या कायद्याने नोंदवलेली वेगळी कंपनी. उद्घाटनाचे फोटो गोंदियाच्या ऑफिसात अजून आहेत. फोटोत दिसते तेवढीच ती कंपनी होती. एक खोली, भाड्याचं गोदाम, खोब्रागडे, आणि पुड्या भरणारी दोन माणसं. मोठा कस्टमर एकच.

पहिल्याच वर्षी तिकडून तक्रार आली, पुडीत जंतू जास्त. हिरडा कुठे वाळवता, असं कस्टमरने विचारलं. आम्ही गावातल्या अंगणाचे फोटो पाठवले. सुंदर सारवलेलं अंगण, त्यावर पिवळा हिरडा. सारवण कशाचं, असा उलट प्रश्न आला. खोब्रागडेने खरं सांगितलं. त्यानंतर तिकडे काय झालं असेल याची कल्पना करता येते. मग आमचे खरेदीचे पटलेभाऊ गावोगाव फिरले आणि शेणाने सारवलेल्या अंगणात हिरडा वाळवायचा नाही असं सांगून आले. पुढच्या वर्षी जंतू कमी झाले. सगळे खूश. त्याच जोरावर ती कंपनी पुढे चालली.

आणि आता हे पीएएच. धूर, जळकं तेल, डांबर यांत ही रसायनं असतात. पोटात जाणाऱ्या वस्तूत ती अगदी थोडीसुद्धा चालत नाहीत.

पहिला संशय आमच्याच ड्रायरवर आला. आमचा बॉयलर धानाच्या तुसावर चालतो. धूर पुडीत शिरत असेल असं वाटलं. ड्रायर उघडला, पाइप तपासले. कुठेही गळती नव्हती. मग कच्चा माल. प्रत्येक गावाच्या मालाचा थोडा नमुना आम्ही राखून ठेवतो. ही टेस्ट आमच्याकडे होत नाही म्हणून ते नमुने हैदराबादला पाठवले. रिपोर्ट आला. सगळ्या गावांचा माल स्वच्छ. फक्त चिचगडच्या पलीकडच्या एका गावचा खराब. तिथे बायकांचा गट हिरडा गोळा करतो.

रिपोर्ट घेऊन मी डायरेक्टर साहेबांकडे गेले.

"बस, मिल गया," ते म्हणाले. "रूट कॉज में लिख दो, सप्लायर की लापरवाही. उनको लिस्ट से हटाओ. माल छत्तीसगढ से आ जाएगा."

"साहेब, छत्तीसगडचा माल कुठे वाळतो ते आपल्याला माहीत आहे का?"

"मॅडम, अभी कंटेनर छुड़ाना है."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही फक्त मंजूर सप्लायरकडूनच माल घेऊ शकतो. कागदावर एकदा 'निष्काळजीपणा' लिहिलं की त्या सप्लायरचं नाव जातं ते कायमचं. त्या गावातून हिरडा घेणारे आम्हीच. दुसरं कोणी तिथवर जात नाही. म्हणजे साहेबांच्या एका ओळीत त्या गटाचं काम संपणार होतं.

"आधी गाव बघून येते," मी म्हणाले.

"देख लो. पर लिखना यही है."

मार्च लागला होता आणि हिरडा वाळवण्याचे दिवस होते. पटलेभाऊंना घेऊन निघाले. आमगावला चहा झाला. देवरीच्या पुढे जंगल सुरू झालं. गाव दिसायच्या आधीच हिरडा दिसला. नव्या डांबरी रस्त्याच्या अर्ध्या अंगावर, लांबच्या लांब. कडेला दगड मांडलेले. गाड्यांना कळावं म्हणून दोन्ही टोकांना पळसाच्या फांद्या ठेवलेल्या. मी खाली उतरले. दुपारचं ऊन होतं. चार पावलं गेले आणि चप्पल रस्त्याला चिकटली.

तपास तिथेच संपला. बाकी होतं ते बोलणं.

गटाच्या अध्यक्ष सुगंधाबाई कुमरे हातात झाडू घेऊन आल्या. पटलेभाऊ त्यांच्यावर एकदम ओरडले.

"काऊन बाई, रस्त्यावर काऊन टाकलं?"

"मंग कुठी टाकू? तुमीच तं सांगतलं, सारवलेल्या आंगनात नोको म्हून."

"हो, पन रस्त्यावर टाका असं सांगतलं का मी?"

"कुठी टाका ते तरी सांगतलं का?" सुगंधाबाईंनी झाडू पुढे केला. "आमच्या घरी काय सिमेट हाय? ह्या रस्त्याले ना शेन, ना माती. रोज सकाळी झाडून घेतो आमी. इतकं तं घर नाही झाडत."

मागच्या बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, "आमी तं म्हनून राहिलो, सरकारनं हा रस्ता मॅडमच्या हिरड्यासाठीच बांधला."

मी त्यांना डांबराचं सांगितलं. ऊन तापलं की डांबरातलं विष फळाला लागतं आणि तिकडे मशीनमध्ये दिसतं, एवढंच. सुगंधाबाईंनी एक हिरडा उचलला, वास घेतला, खाली टाकला.

"त्या गोऱ्यायले शेन चालत नाही, डांबर चालत नाही. आता झाडावरच वाळवू का?"

बायका पुन्हा हसल्या. सुगंधाबाई हसल्या नाहीत. "माल घेनं बंद करून राहिले का तुमी? तसं असन तं सांगा. आमी जंगलात जानं बंद करतो."

त्यांच्या मागे वालाच्या वेलाचा मांडव होता. मी तिकडे बोट केलं.

"त्याच्यावर वाळेल का?"

"मांडवावर? वाळन ना. खालून हवा लागन. पन वाल आहे न त्याच्यावर."

"दुसरा बांधा. बांबू आणि जाळी कंपनी देईल."

पटलेभाऊंनी माझ्याकडे चमकून बघितलं. कंपनीने असं कबूल करायची परवानगी मला दिलेली नव्हती.

परतीच्या वाटेत पटलेभाऊंना विचारलं, बाकीच्या गावांत हिरडा कुठे वाळतो? म्हणाले, खडकावर. त्या गावांना खडक आहे. ह्या गावाला खडक नव्हता, आणि नेमका रस्ता आला होता.

गोंदियाला येऊन रिपोर्ट लिहिला. रूट कॉज: कंपनीची सूचना अपुरी. उपाय: बांबूचे मांडव, खर्च कंपनीचा. सप्लायर चालू ठेवावा.

साहेबांनी वाचला. "ये तो कंपनी की गलती हो गई."

"झालीच आहे, साहेब."

"कस्टमर पढ़ेगा तो क्या बोलेगा?"

"सप्लायरचा निष्काळजीपणा लिहिलं तर तो गाव बघायला येईल. येऊन त्या बायकांना विचारेल. त्या काय सांगतील ते मी ऐकून आले आहे."

साहेबांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. मग खोब्रागडेला फोन लावला. खोब्रागडे म्हणाला, "साहेब, रिपोर्ट काहीही पाठवा. कस्टमर दुसरीकडे बोलणी करतोय. कंटेनर परत येणार." साहेबांनी फोन ठेवला आणि सही केली. त्यांना पटलं म्हणून नाही, आता काही फरक पडत नव्हता म्हणून. पण सही सहीच असते. त्या गटाचं नाव लिस्टमध्ये राहिलं आणि मांडवाचा खर्च मंजूर झाला.

पुढच्या हंगामात त्या गावाचा नमुना स्वच्छ आला. तोवर जर्मनीची खोली रिकामी झाली होती. एकच कस्टमर होता, तो गेला. कंपनी बंद करायलासुद्धा तिथे खूप सोपस्कार असतात. ते सगळे उरकून खोब्रागडे परत आला. आता माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. हिरड्याची पूड देशातच विकली जाते.

अलीकडे कंपनीची माहितीपुस्तिका निघाली. साहेबांनी माझ्याकडे जर्मनीच्या कंपनीचा इतिहास मागितला. चार ओळी. कधी सुरू झाली, कशासाठी, काय विकलं, का बंद झाली. चौथी ओळ मी अशी लिहिली: हिरडा कुठे वाळवू नये हे आपण सांगितलं, कुठे वाळवावा हे सांगितलं नाही. छापून आली तेव्हा तिथे 'बाजारातील बदलत्या परिस्थितीमुळे' असं होतं. खोब्रागडेने वाचलं आणि पुस्तिका माझ्या टेबलावर ठेवून चहाला गेला.

मी वाद घातला नाही. फक्त माझ्या कामात एक नियम घालून घेतला. सूचनेत 'नको' आलं की त्याच्याच खाली 'मग काय' लिहायचं. ते सुचत नसेल तर सूचना काढायचीच नाही.

गेल्या महिन्यात सुगंधाबाईंचा फोन आला.

"मॅडम, मांडवाखाली सावलीले कोंबड्या बसून राहिल्या. चालते का?"

"नाही चालत," मी म्हणाले. आणि त्यांनी पुढचं विचारायच्या आत, कोंबड्यांना कुठे बसवायचं तेही सांगितलं.